येवल्यापर्यंत गार राहिलेली गाडी

नाशिक

सिन्नरहून येवला काही लांब नाही, तरी एकवीस वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. आमच्या घरात कारणाशिवाय कुणी कुठे जात नाही. लग्न, दवाखाना, दहाव्याचा कार्यक्रम एवढीच कारणं असतात. मला कारण मिळालं ते एका जुन्या मोटरहोमच्या छतावर बसवलेल्या एसीचं.

मी नाशिकला मेकॅनिकलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील सिन्नरच्या कारखान्यात हेल्पर आहेत आणि आई घरी विड्या वळते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं घरच्यांना वाटतं. कॉलेजात मात्र मला काहीच येत नाही असं मला वाटतं. प्रॅक्टिकल संपल्यावर सरांनी वर्गात विचारलं, "एका गाडीचा एसी बघायचाय, दोन-तीन दिवस बाहेरगावी जावं लागेल. कोण जाईल?" कुणीच हात वर केला नाही. माझाही अर्धाच वर गेला होता, पण सरांनी तो पूर्ण धरला.

गाडी होती शिरसाठ काकांची. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पत्नी शोभामावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून पडून त्यांच्या मणक्याला मार लागला. छातीखालचं शरीर गेलं, हातांतही थोडीच ताकद राहिली. मला ठाऊक नव्हती अशी आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली. अशा माणसाला अंगभर घाम येत नाही. बाहेर उकडलं की शरीर आपोआप गार होत नाही, तापतच जातं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप शंभरावर जाऊ द्यायचा नाही.

येवला मावशींचं माहेर. त्यांच्या घरी पैठणीचा माग आहे. वडिलांच्या मागे भाऊ आणि वहिनी तो चालवतात. सहा वर्षांत मावशी तिथे गेल्या नव्हत्या. काकांनी सहा महिन्यांपूर्वी हे जुनं मोटरहोम घेतलं ते एवढ्यासाठीच. एका मिनीबसमध्ये पलंग, बेसिन, छोटा ओटा, मागच्या कप्प्यात जनरेटर आणि छतावर एसी. आधी ते कुठल्याशा पर्यटन कंपनीकडे होतं.

"चाळीस मिनिटं झकास चालतो," काका म्हणाले, "मग दमतो. वारा येतो, पण गार नाही. वरून पाणी ठिबकतं ते वेगळंच. दोन ठिकाणी दाखवला. दोघंही म्हणाले, गॅस गेला, अख्खं युनिट बदला. आणि ते युनिट आता मिळत नाही."

मी शिडीवरून छतावर चढले. वरचं झाकण काढलं, बाहेरच्या जाळीतली धूळ ब्रशने काढली, व्होल्टेज मोजलं, पंखा हाताने फिरवून पाहिला. सगळं ठीक होतं. गाडीच्या आत छताला एसीची पेटी होती. तिच्या मधल्या जाळीतून हवा आत ओढली जाते आणि दोन्ही बाजूंनी गार होऊन बाहेर येते. पण त्या पेटीखालीच मावशींचा पलंग होता आणि मावशी झोपलेल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर स्क्रू सोडत उभं राहणं मला बरं वाटलं नाही. शिवाय जेवायची वेळ झाली होती. थांबले असते तर त्यांनी जेवू घातल्याशिवाय सोडलं नसतं. वीस मिनिटं एसी चालवून पाहिला. गार होता. "वाटेत बघते," म्हणून मी निघाले.

चाळीस मिनिटांनी बिघडणारी वस्तू मी वीस मिनिटं तपासली, हे हॉस्टेलवर पोहोचल्यावर लक्षात आलं. फोन करायला हवा होता. केला नाही.

निफाडच्या पुढे

आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. नऊच्या आत येवला गाठायचं, म्हणजे उन्हाच्या आधी मावशी माहेरी. चांदोरीपर्यंत सगळं बेत केल्यासारखं चाललं. मावशींचा पलंग खिडकीशी होता आणि त्या बाहेर बघत एकेक गोष्ट सांगत होत्या. द्राक्षांच्या बागांची एप्रिल छाटणी नुकतीच झालेली. मांडवावर नुसत्या काड्या उरलेल्या. मी म्हटलं, "बागा वाळल्यासारख्या दिसतात." मावशी हसल्या. "अगं, वर्षातून दोनदा त्यांना असंच बोडकं करतात. तेव्हाच जोर धरतात. सिन्नरची ना तू? तुमच्याकडे बाजरी."

काका गाडी छान चालवतात, पण एसटीची सवय गेलेली नाही. प्रत्येक थांब्यावर त्यांचा पाय ब्रेककडे जातो. रस्त्याकडेला कुणी पिशवी घेऊन उभं दिसलं की वेग कमी होतो.

"अहो, त्या बाई आपल्या गाडीसाठी नाही उभ्या," मावशी आतून म्हणायच्या.

"माहितीये मला."

"मग हॉर्न का दिला?"

"ही एसटी नाही म्हणून सांगितलं त्यांना!"

निफाडला काकांनी चहाला थांबवलं. तिथला ठरलेला चहा पंचवीस वर्षांचा, तो टाळून जाणं त्यांना जमलं नाही. तो अर्धा तास आम्हाला भोवला. पुढे विंचूरकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, बाजार समितीपर्यंत. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, कांद्याची फोलपटं उडत होती, काही आमच्या काचेला येऊन चिकटत होती. आम्ही मुंगीच्या गतीने सरकत होतो. पहाटेपासून लागला नव्हता तो एसी सव्वानऊला ऊन चढल्यावर काकांनी लावला. साडेनऊ वाजले, दहा वाजले. आणि एसी दमला.

वारा येत होता, पण आधी मंद झाला आणि मग कोमट. पेटीतून थेंब पडायला लागले. काकांनी थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव. दर अर्ध्या तासाने ते आकडा वहीत लिहितात, एसटीच्या लॉगशीटसारखा. मी मावशींच्या मानेला आणि हातांना ओला टॉवेल लावत होते. त्या म्हणाल्या, "मला काही होत नाहीये," पण गाल लाल झाले होते. साडेनव्व्याण्णव झाल्यावर काका म्हणाले, "वळवतो. परत नाशिक."

"अहो, परत जायला तेवढंच ऊन आहे," मावशी म्हणाल्या. "इतकं जवळ आलोय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं. पेटीच्या फटीत बर्फ दिसत होता, आणि पुस्तकात मी वाचलं होतं, कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांवर, बर्फ धरला की गॅस कमी. तसं असेल तर रस्त्यात काहीच होणार नव्हतं. मी म्हटलं, "विंचूरला फ्रिजवाला कोणी असेल. त्याला विचारू." स्वतःला काही येत नाही हे सांगायची ती माझी पद्धत होती.

विंचूर

रस्त्याला लागून कडुनिंबाखाली एक दुकान होतं, फ्रिज-कूलर दुरुस्तीचं. बाहेर तीन कूलर पोट उघडून ठेवलेले. त्यांच्यात बसलेले साठीचे गृहस्थ म्हणजे जमीरचाचा. आम्ही सांगितल्यावर ते हातातलं काम टाकून उठले. आधी त्यांनी गाडी निंबाच्या दाट सावलीत घ्यायला लावली, मग दुकानातला टेबलफॅन मावशींच्या खिडकीशी लावला. काका बर्फ आणायला समोरच्या रसवंतीकडे पळाले.

चाचांनी पेटीच्या बाजूच्या फटीतून टॉर्च मारला. "बेटा, इकडे ये. काय दिसतंय?"

"बर्फ."

"मग?"

"गॅस कमी आहे."

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात खोटं नाही लिहिलेलं. पण तू अर्धं वाचलं." ते हसले. "गॅस कमी असला तर बर्फ सुरुवातीच्या नळीला धरतो, एका कोपऱ्यात. हा बघ, चादरीसारखा पूर्ण पसरलाय, सगळीकडे सारखा. म्हणजे गॅस आहे. हवा नाही. हवा कुठं अडली ते शोध."

कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवायला त्यांनी सांगितलं, म्हणजे बर्फ वितळेल. मावशी म्हणाल्या, "माझ्या डोक्यावरून कर ना काम, मी काय साखरेची आहे?" धूळ पडू नये म्हणून मी त्यांच्या चेहऱ्यावर ओला टॉवेल टाकला आणि पलंगाच्या काठावर उभी राहून मधल्या जाळीचे चार स्क्रू काढले.

जाळीच्या आत एक कापड होतं. मऊ, पांढरं, सुती लुगड्याचं, चार पदरी घडी घालून कडेने नीट टाके घातलेलं. ओलं, जड, आणि त्यावर धुळीचा लेप. आतल्या बाजूला गार आणि गरम हवेच्या मधल्या पडदीची पट्टीही सुटली होती. पण मुख्य अडथळा ते कापडच होतं.

ते कुणी लावलं हे विचारावं लागलं नाही. मावशींना जोरात खोकता येत नाही. धूळ छातीत गेली की ती बाहेर काढणं त्यांना अवघड. म्हणून काका हवा गाळून देत होते. दर आठवड्याला धुऊन, वाळवून, पुन्हा शिवून. कांद्याच्या दिवसांत दोन पदरांचे चार केलेले, हे काकांनी नंतर सांगितलं.

चाचांनी ते पाहिलं, मला पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "उनको बता देना."

"हो, सांगते."

काका बर्फाची पिशवी घेऊन आले तेव्हा कापड माझ्या सॅकमध्ये होतं. आमच्या घरी मोठ्या माणसाला त्याची चूक कुणी सांगत नाही. डॉक्टर असो, तलाठी असो, मुकादम असो, माझे वडील मान हलवून "हो साहेब" म्हणतात आणि बाहेर आल्यावर चप्पल घालताना खरं काय ते बोलतात. मीही तशीच आहे. त्यात काकांनी ज्या हौसेने ते टाके घातले होते, ते पाहून मला सांगवेना. मी म्हटलं, "आत बर्फ झाला होता काका. साफ केलंय. आतली पट्टी सुटली होती, तीही चिकटवली."

ते खोटं नव्हतं. चाचांनी दिलेल्या चंदेरी टेपने मी ती पडदी खरोखरच बंद केली होती. निघताना चाचा मला म्हणाले, "बेटा, मशीन माझ्याकडे परत यायला नको."

तासाभराने एसी पुन्हा लावला. पाच मिनिटांत मावशींनी डोळे मिटले. साडेनव्व्याण्णव, नव्व्याण्णव, मग नेहमीचा आकडा. काका स्टेअरिंगवर हात आपटून म्हणाले, "इंजिनियरबाई! नाशिकच्या दोघांना नाही जमलं ते!" मला फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं जरा टोचलंही.

येवला

मावशींच्या भावाची गल्ली इतकी अरुंद की गाडी आत नेताना काकांनी आरसे दुमडले आणि चार पोरींनी मागून "येऊ द्या, येऊ द्या" केलं. वहिनी दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्या. आमच्याकडे हे माणसावरून ओवाळून टाकतात. वहिनींनी ते मावशींवरून ओवाळलं, आणि मग जरा विचार करून गाडीवरूनही ओवाळलं. "तिच्यामुळंच आल्या ना आमच्या वन्सं," त्या म्हणाल्या.

घरातून वायर काढून गाडीला जोडली, जनरेटर बंद केला. मी व्होल्टेज मोजलं, ठीक होतं. मग गल्लीतल्या बायका गाडीत बसायला येऊ लागल्या. एका वेळी चार. दार सारखं उघडलं की गारवा जातो, म्हणून वहिनींनी दारात बसून हिशेब ठेवला. "चार झाल्या! तुम्ही थांबा! लय ऊन हाय बाहेर म्हणून काय समद्याच घुसताय काय?" गाडीतच हळदीकुंकू झालं. आमरस आणि कुरडया गाडीत आल्या. सिन्नरला आमरसात आम्ही साखर घालत नाही, इथे साखर आणि वेलदोडा दोन्ही. मी तीन वाट्या घेतल्या.

पण मावशींना हवा होता माग. मागाची खोली आत होती, पत्र्याखाली. उन्हाळ्यात तिथे बसून विणणारे ओल्या फडक्याने मान पुसतात. मावशींनी मोठ्या बहिणीसारखा हट्ट धरला. ठरलं असं की त्यांनी वीस मिनिटं आत जायचं आणि मग गार गाडीत तासभर यायचं. गाडी गार असेल तरच हे जमणार होतं.

पहिल्या संध्याकाळी ते जमलं. भाऊ आणि काकांनी खुर्ची उचलून मावशींना मागाशेजारी ठेवलं. वहिनी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसल्या होत्या. समोर निळ्या पदरावर अर्धा मोर होता, मान झालेली, पिसारा राहिलेला. लहानपणी मावशी धाग्याच्या कांड्या भरायच्या. वहिनींनी त्यांच्या हातात एक दिली. बोटं नीट मिटत नव्हती. त्यांनी कांडी तळहातात धरून दुसऱ्या हाताने धागा गुंडाळला. सैल झाला. "उलगड," त्या मला म्हणाल्या. पुन्हा गुंडाळला. वीस मिनिटं संपली तेव्हा अर्धी कांडी झाली होती. "उद्या पुरी करते," त्या म्हणाल्या.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मावशी आत गेल्या. मी भावाशी मागाबद्दल बोलत होते. गाडीत काय चाललंय ते पाहिलं नाही. वीस मिनिटांनी आम्ही मावशींना बाहेर आणलं तेव्हा त्यांचे गाल तापलेले होते. गाडीचं दार उघडलं आणि कोमट हवा अंगावर आली. पेटीतून थेंब टपकत होते.

मला लगेच कळलं. मी वर पाहिलं. जाळीच्या आत पांढरं काहीतरी दिसत होतं.

"काका, हे..."

"अगं, ते कापड कुठे पडलं विंचूरला कोण जाणे," काका म्हणाले. "सकाळी पाहिलं तर नाही. म्हटलं इथे जरीची नि सुताची धूळ. म्हणून वहिनींकडून नवीन घेतलं. टर्किश टॉवेलचं. जाड आहे चांगलं."

थर्मामीटर नव्व्याण्णवच्या वर गेला होता. मावशी गप्प होत्या. त्या गप्प झाल्या की काका घाबरतात. ते पुन्हा म्हणाले, "गॅसच गेला असणार. इथून रुग्णवाहिका बोलवतो."

"काका, गॅस गेलेला नाही." मी जाळीकडे बोट दाखवलं. "ते कापड. तुम्ही लावता ते. त्याने हवा अडते. विंचूरलाही तेच होतं. मी काढलं. माझ्या सॅकमध्ये आहे. तुम्हाला सांगायला मला जमलं नाही. माझी चूक आहे."

मी बोलत असतानाच पलंगावर चढले होते. टॉवेल ओढून काढला, कॉम्प्रेसर बंद केला, नुसता पंखा ठेवला. वहिनींनी बर्फ आणला, काखेत आणि मानेला लावला. भावाने मागच्या खिडकीवर ओली चादर टांगली. पंचवीस मिनिटं मी त्या पेटीखाली उभी होते आणि पाणी माझ्या बाहीत उतरत होतं. बर्फ वितळल्यावर एसी लावला. हवा गार आली. आणखी अर्ध्या तासाने थर्मामीटर खाली उतरला. काकांनी आकडा वहीत लिहिला.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दे ते."

मी सॅकमधून लुगड्याचं कापड काढून दिलं. ते दोन्ही हातांत धरून काका टाके चाचपत बसले. मला वाटलं, रागावतील. "म्हणजे सहा महिने मीच तिचा श्वास..."

"श्वास नाही हो," मावशी पलंगावरून म्हणाल्या, आवाज बारीक पण नेहमीचा. "एसीचा श्वास. माझा तुम्ही नीट ठेवलाय. आणि पोरीवर डोळे वटारू नका. चाळीस वर्षं संसार करून तुमच्या भाजीत मीठ जास्त आहे हे सांगायला मला तीन दिवस लागतात. तिला एक लागला."

"मीठ जास्त असतं?" काका म्हणाले.

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग सगळेच.

धुळीचा प्रश्न मात्र खरा होता. ते कापड गेलं की खोकला येणार. मी म्हटलं, हवेला जागा हवी, पण गाळणी हवीच. वहिनींनी जुनी मच्छरदाणी काढली. आम्ही तिचा एकच पदर घेतला, आणि जाळीला चिकटून न लावता वायरच्या चौकटीवर ताणून खाली चार बोटं अंतर ठेवून लावला, म्हणजे हवा सगळ्या बाजूंनी जाईल. चौकट मी वाकवली, टाके काकांनी घातले. मग त्यांनी मार्कर मागितला आणि पेटीवर ठळक अक्षरात लिहिलं, "येथे फडके लावू नये. हुकमावरून." खाली कुणाचा हुकूम ते लिहिलं नाही.

चाळीस मिनिटं झाली. मी मुद्दाम मोजली. एक तास झाला. दोन तास झाले. हवा तशीच गार. मावशी पाच वाजता पुन्हा आत गेल्या आणि ती कांडी पुरी केली. वहिनींनी ती धोट्यात, म्हणजे धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नळीत, घालून मोराच्या पिसाऱ्यात तिचा धागा घातला. मी पाहिलं, पण कुठला धागा मावशींचा ते मला ओळखता आलं नाही. मावशींना आलं.

परत

आम्ही दोन दिवसांसाठी गेलो होतो, पाच दिवस राहिलो. परतताना विंचूरला जमीरचाचांच्या दुकानासमोर काकांनी गाडी थांबवली आणि चाचांना आत बसवून मच्छरदाणीची चौकट दाखवली. चाचांनी चौकटीखाली हात धरून हवा तपासली. "सांगितलंस म्हणजे," ते मला म्हणाले.

"उशिरा," मी म्हटलं.

निफाडच्या पुढे रस्ता मोकळा होता. मावशी झोपल्या होत्या. काकांनी आरशातून मागे पाहिलं आणि विचारलं, "इंजिनियरबाई, आता तरी काय चुकतंय का माझं?"

"नाही काका" हे माझ्या ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "एसी चालू आहे आणि तुमची खिडकी दोन बोटं उघडी आहे."

काकांनी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, पूर्ण थांबवली आणि मग काच वर केली.